फ्लॅट बघायला जाण्याआधी: आपल्या प्रश्नांचा इतिहास



घर बघायला गेलो की आपले प्रश्न ठरलेले असतात. पाणी किती वाजता येतं, ओट्यावर उजेड पडतो का, मंदिर चालत जाण्याइतकं जवळ आहे का, शेजार कसा आहे, कागद पक्के आहेत ना. हे प्रश्न आजी-पणजीपासून चालत आले असतील असं मला वाटायचं. पण मुंबईच्या घरांचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा दिसलं की यातल्या बहुतेक प्रश्नांना एक-एक साल चिकटलेलं आहे आणि त्या सालात कोणीतरी घर, पैसा किंवा माणूस गमावलेला आहे. सध्या आपल्यातल्या बऱ्याच जणी मुंबईत फ्लॅट बघताहेत. कोणी मुलासाठी, कोणी लेकीसाठी, एखादी स्वतःसाठी. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात मांडवीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात आपले व्यापारी लोक मुंबईत आले ते बहुतेक मांडवी, भुलेश्वर, पायधुणी याच भागांत राहिले. खाली दुकान किंवा वखार आणि वर बिऱ्हाड, अशी पद्धत. पायधुणीचं गोडीजी पार्श्वनाथाचं मंदिर १८१२ मधलं, त्यामुळे देवदर्शनही पायी दोन मिनिटांवर. आपल्या सांगली-कोल्हापूरकडून, सोलापूरकडून येणाऱ्या कुटुंबांना सी. पी. टँकजवळच्या हिराबाग धर्मशाळेचा आधार असे. शेठ माणिकचंद हिराचंद यांनी ती बांधली. चार दिवस तिथे उतरायचं, ओळखीपाळखी काढायच्या आणि दुकानाजवळ एखादी खोली धरायची. म्हणजे जागा निवडताना दोनच गोष्टी बघितल्या जात: पेढी जवळ आहे का आणि मंदिर जवळ आहे का. खोलीत ऊन येतं का, हे कोण बघणार? निवडणारा पुरुष सकाळी खाली उतरायचा आणि दिव्याच्या वेळी वर यायचा. दिवसभर त्या खोलीत बाई असायची.

सप्टेंबर १८९६ मध्ये याच मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी ब्युबॉनिक प्लेग ओळखला. बंदराजवळचा भाग, धान्याच्या कोठारांनी भरलेला, उंदरांचं राज्य. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ अर्धी वस्ती मुंबई सोडून पळाली. मागे राहिलेल्यांच्या घरात सरकारी पथकं शिरली. भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून छपराची कौलं उतरवली आणि जी घरं माणसांनी राहण्यालायक नाहीत असं ठरलं त्यांच्या भिंतीवर ‘यू. एच. एच.’ अशी तीन इंग्रजी अक्षरं रंगवली.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. अंधार, ओल आणि कोंदट हवा यांतूनच प्लेग उपजतो, असं त्या वेळच्या बऱ्याच साहेबांचं आणि डॉक्टरांचं मत होतं. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पक्कं व्हायला पुढे दहाएक वर्षं लागली. म्हणजे प्लेगपुरतं त्यांचं निदान चुकलेलंच होतं. पण त्या चुकीच्या निदानातून घरात उजेड आणि वारा आलाच पाहिजे असा जो नियम निघाला, तो क्षयासाठी, लहान मुलांच्या खोकल्यासाठी आणि दिवसभर घरात असणाऱ्या बाईसाठी बरोबरच होता.

१८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती फोडून त्यातून रुंद रस्ते काढायचे, म्हणजे समुद्राचा वारा आत येईल, अशी त्यांची कल्पना. आजचा सरदार वल्लभभाई पटेल रोड (तेव्हाचा सँडहर्स्ट रोड) आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यातूनच निघाले. रस्ते झाले, पण ज्यांची घरं पाडली त्या सगळ्यांना काही नवी मिळाली नाहीत. ती माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली आणि भाडी चढली. पुनर्विकासाचं नाव काढलं की म्हाताऱ्या माणसांच्या पोटात गोळा येतो, तो काही उगीच नाही.

त्या ट्रस्टची एक गोष्ट मात्र मला फार उपयोगाची वाटते. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला होता. ऐकायला भूमिती वाटते, पण आहे अगदी सोपं. तुमच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत मनात एक रेघ ओढा. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी नसावी. साध्या भाषेत, समोरची भिंत तुमच्या खिडकीच्या वर जेवढी उंच आहे, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. समोर तुमच्या खिडकीपासून वर साठ फूट भिंत असेल, तर मध्ये तीस फूट. एक मजला साधारण दहा फूट धरा आणि खाली उतरून मधली जागा पावलांनी मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये भरदिवसा सगळे दिवे का लावलेले असतात, तेही त्या पाच मिनिटांत कळतं.

आपल्या घरात तर या उजेडाला आणखी एक अर्थ आहे. सूर्यास्ताआधी जेवण आटपायचं म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक चार-साडेचारला सुरू होतो. धान्य निवडणं, भाजी चिरणं, पीठ चाळणं, हे सगळं जीव दिसावा म्हणून उजेडात करायचं असतं. ट्यूबलाइटखाली तांदळातला बारीक पोरकिडा आणि तांदळाचा कणा सारखेच दिसतात. म्हणून स्वयंपाकघर बघायला सकाळी अकराला जाऊ नका. एजंट हमखास तीच वेळ देतो. शक्य असेल तर श्रावणातल्या ढगाळ दिवशी पाच वाजता जा, दिवे बंद करायला सांगा आणि ओट्यावर मूठभर तांदूळ पसरून बघा. एजंट हसला तर हसू दे.

आणि खिडकी आहे म्हणून खूश होऊ नका, ती कुठे उघडते ते बघा. जुन्या चाळींमध्ये दोन इमारतींच्या मधे एक चिंचोळी बोळ सोडलेली असे, तिला घरगल्ली म्हणत. संडासांच्या टोपल्या तिथून उचलल्या जात. त्या गल्लीत उतरून ते काम करणाऱ्या माणसांचं जिणं काय होतं, हा वेगळा आणि आपल्या सगळ्यांना लाजवणारा विषय आहे. पण मोरीची आणि चुलीची खिडकी बहुधा त्याच गल्लीवर उघडे, हेही खरं. टोपल्या गेल्या, फ्लशचे संडास आले, तरी नकाशातली ती बोळ गेली नाही. तिचं नाव डक्ट झालं. आजही किती फ्लॅटमध्ये हॉलची खिडकी रस्त्यावर आणि स्वयंपाकघराची डक्टमध्ये असते ते बघा. दिवाणखाना पाहुण्यांचा आणि ओटा बाईचा, हे नकाशा काढणाऱ्याने कधीचंच ठरवून टाकलेलं आहे.

आता पाणी. मुंबईला नळाचं पाणी आलं १८६० मध्ये, विहार तलावातून. त्याआधी तळी आणि विहिरी. १८५४ साली पाऊस न झाल्यामुळे बाहेरून पाणी आणायची वेळ आली होती, आणि त्यातूनच विहारची योजना पुढे सरकली. पुढे तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) आले. नळ आला तरी आपल्या घरांतून विहिरीच्या पाण्याचा आग्रह सुटला नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, गाळण्यातले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात अलगद परत सोडायचे. आता नळाच्या पाण्यातले जीव सोडायचे कुठे? विहार तलावात? हा प्रश्न तेव्हाच्या बायकांना पडला असणारच. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाचे डास विहिरींत वाढतात हे लक्षात आल्यावर पालिकेने शहरातल्या विहिरी बुजवायला, झाकायला सुरुवात केली, आणि ज्यांना धर्मकार्याला विहिरीचंच पाणी लागतं अशा लोकांचा त्याला विरोध झाला. चर्चगेटजवळची पारशांची १७२५ मधली भिका बेहराम विहीर आजही आहे.

दिगंबर मुनिमहाराजांच्या किंवा व्रतींच्या आहारासाठी विहिरीचंच पाणी लागतं, त्यामुळे ज्यांच्या घरी चौका लागतो त्यांना हा मुद्दा आजही टाळता येत नाही. आवारात जुनी विहीर असेल तर ती जिवंत आहे का, झाकलेली असली तरी पाणी काढता येतं का, नवीन बांधकामात बुजवणार आहेत का, हे विचारून ठेवा. बोअरवेल म्हणजे विहीर नव्हे, हे बिल्डरच्या माणसाला समजावून सांगायची तयारी ठेवा.

रोजच्या पाण्यासाठी मी एकच युक्ती सांगते. सोसायटीच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या मागा आणि त्यात टँकरवर किती खर्च झालाय ते बघा. सेक्रेटरी ‘पाण्याचा काही त्रास नाही’ असं तोंडाने सांगतो, पण हिशेबात एप्रिल-मेचे टँकर लपत नाहीत.

पाणी येण्याचा प्रश्न जसा आहे तसाच पाणी शिरण्याचाही आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी म्हणजे नाला नव्हे, नदीच आहे, हे मुंबईला समजलं. माझं माहेर सांगलीकडचं, त्यामुळे पूर म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. २००५ आणि २०१९ या दोन्ही साली कृष्णेचं पाणी कुठल्या गल्लीत कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे तिकडे शाळेतलं पोरही सांगतं. मुंबईत मात्र लोक ते सांगत नाहीत, जागेचा भाव पडेल म्हणून. तेव्हा फ्लॅटमालकाला विचारण्यात अर्थ नाही. तळमजल्यावरच्या मेडिकलवाल्याला किंवा वाण्याला विचारा, त्याचा माल भिजलेला असतो. विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचावर बसवलेत तेही बघा. मीटर छातीच्या वर चढवलेले असले तर त्यामागे बहुधा एखादा पावसाळा असतो.

शेजाराकडे वळते. इथे मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण आपल्या समाजात यावर बोललं खूप जातं आणि विचार कमी होतो.

मुंबईत आपापल्या माणसांच्या वसाहती उभ्या राहिल्या त्या प्लेगनंतर. ट्रस्टने दादर-माटुंग्याला मोकळ्या जागेवर प्लॉट पाडले, रस्त्यांना झाडं लावली, बागा सोडल्या. तिथेच मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने दादर पारसी कॉलनी उभी राहिली. दुमजली-तिमजली घरं, मध्ये फाइव्ह गार्डन्स. शेजारी हिंदू कॉलनी, पलीकडे माटुंग्यात दक्षिणेकडची मंडळी. त्याआधीच, १९१५ मध्ये, गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी सुरू झाली. मुंबई इलाख्यातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था. तिचे कर्ते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. कारवारकडून आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी भाग घेऊन पैसा उभा करायचा, इमारती संस्थेच्या मालकीच्या, राहणारे सगळे भागीदार. आज आपण ज्याला सहज ‘सोसायटी’ म्हणतो, मेंटेनन्स भरतो आणि जनरल बॉडीत भांडतो, ती कल्पना या गावदेवीच्या बिऱ्हाडांपासून आपल्याकडे आली.

म्हणजे आपल्या माणसांत घर हवं, ही ओढ काही फक्त आपलीच नाही, आणि तिच्यात वाईट काही आहे असंही मी म्हणणार नाही. परक्या शहरात आजारपणात पेज आणून देणारी बाई शेजारी असावी, सणावाराला हाक मारावी असं कोणी असावं, एवढंच त्यात असतं. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याची मुभाही मान्य केली.

पण जाहिरातीत ‘फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी’ असं वाचून जीव हरखला, तरी दोन गोष्टी तपासाव्यात असं माझं मत आहे. पहिली व्यवहाराची. घर विकायची वेळ आली तर घेणारा त्याच लहान वर्तुळातून शोधावा लागेल, आणि गरजेच्या वेळी भाव पडून मिळेल. दुसरी जास्त अवघड आहे. जो नियम आज मटण खाणाऱ्याला दार बंद करतो तो उद्या कोणाकोणाला बंद करेल? परजातीत लग्न करून आलेल्या सुनेला? माहेरी परत आलेल्या लेकीला? एकट्या राहणाऱ्या नर्सला? आपलं स्वयंपाकघर आपल्या हातात असतं, त्याला जिन्यावरच्या पाटीची गरज नाही. मी स्वतः पंधरा वर्षं मिश्र वस्तीच्या इमारतीत राहते. पर्युषणात माझ्या शेजारची कोळी बाई त्या दिवसांपुरती सुकटीची बरणी उघडत नाही, मी सांगितलेलं नसताना. ‘फक्त शाकाहारी’ इमारतीतल्या माझ्या एका मैत्रिणीकडे मात्र पार्किंगवरून दोन घरांचा चार वर्षं अबोला आहे. यावर तुमच्यातल्या काहींचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल याची कल्पना आहे.

शेजारापेक्षा मी अंतराला जास्त महत्त्व देते. आपले साधू-साध्वी पायी चालतात आणि सामायिकाला, दर्शनाला जाणाऱ्या सासूबाईही पायीच चालतात. एकोणीसशे पंचवीसला मुंबईत विजेची पहिली लोकल धावली, अठ्ठावीसपासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या गेल्या आणि माणसं पेढीपासून दहा-वीस मैलांवर राहू लागली. तेव्हापासून पुरुषाचं अंतर स्टेशनपासून मोजलं जातं. जाहिरातीतली ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ तीच. मंदिर किंवा स्थानक, मुलांची शाळा, दवाखाना, भाजी, यांची अंतरं आपणच चालून बघायची. मध्ये एक हायवे असेल तर नकाशातले चारशे मीटर सत्तरीच्या बाईसाठी चार किलोमीटर होतात.

आता कागद. ही बाजू कंटाळवाणी आहे म्हणून आपण ती ‘ह्यांच्यावर’ सोपवतो. तेवढ्यासाठीच नीट वाचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरू सुखी झाला, पण मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाड्यासाठी नवी इमारत बांधणं कोणालाच परवडेना. मग पागडी आली. भाडं नाममात्र, पण खोली हातात घेताना मोठी रक्कम रोख. १९९९ चा नवा कायदा येईपर्यंत हा व्यवहार कायद्याच्या नजरेआडच चालला. इकडे दुरुस्ती न झालेल्या इमारती कोसळायला लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. गिरगाव, काळबादेवी, परळकडे ‘सेस बिल्डिंग’ म्हणतात त्या ह्याच. तिथली पागडीची खोली कोणी स्वस्तात देऊ लागलं, तर तुम्ही मालकी घेत नाही आहात, भाडेकरूपण घेत आहात, एवढं लक्षात ठेवून पुढचं बोला.

भाड्याने बांधणं बंद पडलं म्हणून मालकीचे फ्लॅट आले. आणि ते आले तशी फसवणूकही आली. एकच फ्लॅट दोघांना, नकाशात नसलेला मजला, पैसे घेऊन कागदच नाही. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने करारनामा नोंदवणं बिल्डरवर बंधनकारक केलं. तरीही पुढची पंचेचाळीस वर्षं बिल्डर जिना, लिफ्ट, भिंती सगळं मिळवून ‘सुपर बिल्टअप’ विकत राहिला. चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेट एरियावरच विक्री करायची, ही दुरुस्ती आली २००८ मध्ये. त्याच दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली. शब्द भयंकर आहे, अर्थ सोपा. बिल्डर इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून देत नसेल तर सोसायटी सरकारकडून ती करून घेऊ शकते. जुन्या इमारतीत घर घेताना ‘कन्व्हेयन्स झालंय का’ हा प्रश्न म्हणूनच विचारायचा. ते झालेलं नसेल तर उद्या इमारत पाडून नवी बांधताना जमीन कोणाची, यावर सगळं अडतं.

ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, याचं महत्त्व वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडने सगळ्या देशाला शिकवलं. १९८१ ते १९८९ मध्ये बांधलेल्या सात इमारती. परवानगी पाच मजल्यांची होती, एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले आणि २०१४ मध्ये पालिकेने त्या घरांचं पाणी, वीज, गॅस तोडला. वीस-पंचवीस वर्षं संसार केलेली ती घरं. बऱ्याच जणांनी आयुष्याची पुंजी घातलेली. त्या दिवसांत टीव्हीवर गेटपाशी उभ्या राहिलेल्या बायका दिसायच्या. घर घेताना त्यांच्यातल्या किती जणींना मंजूर नकाशा दाखवला गेला असेल, हा विचार तेव्हाही मनात आला होता. नकाशा बघायला मागा. मजले मोजा. यात इंजिनियर लागत नाही.

२०१६ चा रेरा कायदा आणि १ मे २०१७ पासून सुरू झालेलं महारेरा यामुळे नव्या इमारतींचं काम बरंच सोपं झालंय. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. घेतलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामावर खर्च करावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची दुरुस्ती त्याच्या खर्चाने. कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकला की मुदत कितीदा वाढवली, तक्रारी किती, मंजुऱ्या कोणत्या, हे मोबाइलवर दिसतं. ब्रोशर चाळण्याआधी हे चाळा.

एवढं सगळं तपासून झाल्यावर, करारनाम्यावर नाव घालायच्या वेळी, बहुतेक घरांत चर्चा दोन मिनिटांत संपते. इतिहास इथे आपल्याविषयी वेगळंच सांगतो, आणि ते आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या सरावगी अग्रवाल जैनांच्या एका खटल्यात १८७८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मान्य केलं, की त्यांच्या रूढीप्रमाणे पुत्रहीन विधवेचा नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पूर्ण हक्क असतो आणि ती त्याच्या परवानगीवाचून दत्तकही घेऊ शकते. त्या काळात इतर हिंदू विधवांना फक्त हयातीपुरता उपभोग मिळे, मिळकत विकायला बंदी असे. आपल्यातल्या काही समाजांत मात्र घर खरोखर बाईचं असू शकत होतं. सगळ्या देशातल्या हिंदू, जैन, बौद्ध, शीख बायकांना पूर्ण मालकी १९५६ च्या वारसा कायद्याने दिली. महाराष्ट्रात लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये.

कायदा आला, पण भाडेपावतीवर आणि करारनाम्यावर नाव मात्र सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं येत राहिलं. १९४७ च्या कायद्यात भाडेकरू वारल्यावर भाडेहक्क त्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाई. म्हणजे लग्न होऊन गेलेल्या लेकीचा पागडीच्या खोलीशी संबंध तिथेच संपत असे, त्या पागडीत आईचे दागिने गेलेले असले तरी.

२०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. कोटीच्या फ्लॅटला एक लाख रुपये. सुरुवातीला त्यात पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. नवऱ्याबरोबर जोडनावाने घेतलं तर ही सवलत नाही. तरीही जोडनावानेच घ्यायचं ठरलं, तर पहिलं नाव कोणाचं ते करारनाम्याआधी बोलून घ्या, कारण सोसायटीत मत सामान्यतः पहिल्या नावाच्या सभासदाचं धरतात, दुसरं नाव त्याच्या गैरहजेरीत. कर्जात तुमचा पगार धरलेला असेल तर हप्ते कोणत्या खात्यातून जातात त्याचे कागद स्वतःजवळ ठेवा. आणि नॉमिनी म्हणून नाव घातलं म्हणजे घर आपलं झालं असं समजू नका. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, पण वारसांचा वाटा त्यामुळे बुडत नाही. करारनामा नोंदवल्यावर इंडेक्स टूची एक प्रत काढा, त्यावरचं आपलं नाव आधार कार्डावरच्या स्पेलिंगशी ताडून बघा. दुरुस्तीपत्र लगेच करता येतं, वीस वर्षांनी त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.